दावादावा ते कवाल : आफ्रिकेच्या आंबवलेल्या मसाल्यांची ओळख

ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपल्या भाकरीची तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली, इथल्या मातीत रुजली आणि इतकी आपली झाली की त्यांचे माहेर आपण विसरलो. त्या माहेरी आजही ज्वारी-बाजरीच्या पिठाची घट्ट उकड रोज शिजते. हौसा लोक तिला तुवो म्हणतात, बुर्किना फासोत ती ‘तो’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासोबत भेंडीचे, गोरखचिंचेच्या पानांचे किंवा शेंगदाण्याचे कालवण असते. त्या कालवणाला मांस शिजवल्यासारखी भरीव चव असते, पण अनेक घरांत त्यात मांसाचा तुकडाही नसतो. ती चव एका काळपट, चिकट, उग्र वासाच्या गोळ्यातून आलेली असते. आंबवलेल्या बियांचा हा गोळा पश्चिम आफ्रिकेच्या स्वयंपाकाचा कणा आहे. धान्ये आपल्यापर्यंत पोहोचली. हा गोळा, आणि त्याच्या पाठीमागचे ज्ञान, पोहोचले नाही. ते मराठीत आणावे म्हणून हे पुस्तक.

आधी या मुलखाचा नकाशा डोळ्यांसमोर मांडू. सेनेगलपासून नायजेरिया-कॅमेरूनपर्यंतच्या गवताळ पट्ट्यात पार्किया बायग्लोबोसा नावाचा मोठा शेंगाधारी वृक्ष शेताशेतात उभा दिसतो. त्याच्या शेंगेतला पिवळा, पिठूळ गर गोड लागतो आणि पोरे तो तसाच खातात. गराच्या आतल्या काळ्या, दगडासारख्या टणक बियांपासून जो मसाला होतो त्याला हौसा भाषेत दावादावा, योरुबात इरू, बुर्किना फासो आणि मालीत सुंबाला, सेनेगलमध्ये नेतेतू, तर बेनिनमध्ये आफितिन म्हणतात. पण हे तंत्र एका झाडापुरते थांबले नाही. नायजेरियातले इग्बो लोक एरंडीच्या बियांचा ओगिरी करतात आणि ऑइल बीन वृक्षाच्या मोठ्या बिया चिरून, आंबवून उग्बा करतात. आपल्या शमीच्या प्रजातीतल्या एका आफ्रिकी झाडाच्या बियांपासून ओकपेहे होते. लाल अंबाडीच्या बियांपासून बुर्किना फासोत बिकाल्गा आणि सुदानात फुरुंदू होतो. गोरखचिंचेच्या बियांचा मारी होतो. आणि सुदानच्या पश्चिम भागात टाकळ्याच्या सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे कॅसिया ऑब्ट्युसिफोलियाच्या, पानांपासून कवाल होतो. अंबाडी, एरंड, टाकळा ही नावे मराठी माणसाच्या परसातली आहेत. अंबाडीची भाजी आपण आवडीने खातो, बियांचे तेलही काढतो. त्याच बिया आंबवून मसाला करण्याची वाट मात्र आफ्रिकेने शोधली.

हे काम जवळून पाहिल्याशिवाय त्यातले विज्ञान उलगडत नाही, म्हणून दावादावाची कृती जरा सविस्तर सांगतो. गर धुऊन काढलेल्या बिया मोठ्या भांड्यात चुलीवर चढतात आणि दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त, उकळत राहतात. टरफल इतके चिवट असते की एवढ्याने ते फक्त सैल होते. मग बिया उखळात हलक्या हाताने कांडतात किंवा पायाखाली तुडवतात. घासण जास्त व्हावी म्हणून त्यात वाळू किंवा राख मिसळतात. पाण्यात धुऊन टरफले वर काढली की आतल्या फिकट डाळिंब्या उरतात. त्या पुन्हा तासा-दोन तासांसाठी शिजतात. पाणी निथळून, गरम असतानाच त्या परडीत किंवा भोपळ्याच्या तुंब्यात पसरल्या जातात, पानांनी झाकल्या जातात आणि पोती गुंडाळून उबेला ठेवल्या जातात. दीड ते तीन दिवसांत डाळिंबी तपकिरी होते, मऊ पडते, तिच्यावर पांढरट बुळबुळीत साय धरते आणि बोटाने उचलली की तार सुटते. अमोनियाचा वास नाकात शिरतो. करणारी बाई त्या तारेवरून आणि वासावरूनच ठरवते की माल तयार झाला. मग मीठ लावून, कांडून, गोळे वळून ते उन्हात वाळवले जातात. असा वाळलेला गोळा महिनोन्‌महिने टिकतो.

या साऱ्या कृतीत बहुतेक ठिकाणी कोणी विरजण लावत नाही. तरीही सेनेगलमधला मसाला घ्या किंवा नायजेरियातला, प्रयोगशाळेत त्यात पुन्हा पुन्हा एकच जिवाणू बहुसंख्येने सापडतो : बॅसिलस सबटिलिस. सोबतीला त्याचेच भाऊबंद, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस आणि बॅसिलस प्युमिलस, असतात. हवेत, मातीत, हातावर, भांड्यात असंख्य प्रकारचे जिवाणू असताना दरवेळी जिंकतो हाच. या एका प्रश्नाभोवती हा सगळा विषय फिरतो, आणि त्याचे उत्तर वरच्या कृतीतच आहे.

दीर्घकाळ उकळल्यामुळे बहुतेक जिवाणू मरतात. बॅसिलस मात्र बीजाणूच्या रूपात तग धरतो. इतकेच नव्हे, उष्णतेचा तडाखा बसल्यावर निद्रिस्त बीजाणू अधिक जोमाने जागे होतात. ही पहिली चाळणी. टरफल काढल्याने डाळिंबीतली प्रथिने उघडी पडतात, आणि प्रथिने फोडण्यात बॅसिलसचा हात धरणारे थोडे. ही दुसरी चाळणी. पाने आणि पोत्यांची ऊब आतले तापमान हळूहळू 45 अंशांच्या आसपास नेते, जे त्याला मानवते आणि इतर अनेकांना सोसत नाही. ही तिसरी. मग जिवाणू स्वतःच चौथी चाळणी लावतो. प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, त्यांतून अमोनिया सुटतो आणि सामू सुमारे 7 पासून वर चढत 8 च्या पुढे जातो. अशा अल्कधर्मी वातावरणात कुजवणाऱ्या पुष्कळ जिवाणूंचे काही चालत नाही. आपल्याकडच्या इडलीच्या पिठात नेमके उलटे घडते : तिथे ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू पिष्टमय पदार्थांतल्या शर्करेपासून आम्ल तयार करतात, पीठ आंबट होते आणि ते आम्लच राखण करते. अन्न आम्लाने राखायचे की अल्काने, या दोन वाटांपैकी दुसरी वाट जगात कमी लोकांनी चोखाळली. आफ्रिकेने ती बियांच्या कितीतरी प्रकारांवर वापरून पाहिली.

चव कुठून येते हेही याच रसायनातून कळते. प्रथिनांतून मोकळे होणारे ग्लुटामिक आम्ल म्हणजे मांसाच्या रश्शाला भरीवपणा देणारा घटक. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळापासून तो वेगळा करून त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. बोटाला सुटणारी तारही मुख्यतः ग्लुटामिक आम्लाच्याच लांबलचक साखळीची असते. भाजल्यासारखा सुगंध पायराझिन गटातल्या संयुगांचा, तर तिखट उग्रपणा अमोनिया आणि काही लहान मेदाम्लांचा. तेलात परतल्यावर किंवा कालवणात उकळल्यावर अमोनिया उडून जातो आणि उरते ती चव. कोकणात सुकट भाजताना शेजारी नाक मुरडतात आणि जेवायला बसल्यावर तिचीच वाट पाहतात, तसेच हे. पोषणाच्या बाजूनेही हिशेब मोठा आहे. बियांतल्या ज्या शर्करांमुळे पोटात गॅस धरतो त्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा जिवाणूंची विकरे फोडतात. प्रथिने आधीच अर्धी पचलेली असतात. ओगिरीसाठी लागणाऱ्या एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे जहाल विषारी प्रथिन असते. ते तासन्‌तास उकळल्याने निकामी होते. जे झाड खाण्याच्या यादीत बसूच शकत नव्हते ते उकळी आणि जिवाणू यांच्या जोडीने ताटात आले.

बियांच्या या पंगतीत कवाल वेगळा उठून दिसतो, कारण तो पानांचा. पावसाळ्यात माजलेल्या कॅसियाची हिरवी पाने कुटून त्यांचा लगदा करतात, तो मातीच्या रांजणात दाबून भरतात, वर ज्वारीची पाने घालून दगडाचे वजन ठेवतात आणि रांजण गार जागी पुरतात. दर तीन दिवसांनी तोंड उघडून लगदा हाताने कालवतात आणि पुन्हा झाकतात. सुमारे दोन आठवड्यांनी काळपट झालेल्या लगद्याचे लहान गोळे करून ते उन्हात कडक वाळवतात. भेंडीच्या कालवणात असा एक गोळा पडला की मांसाची उणीव जाणवत नाही. खार्टूम विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हमीद दिरार यांनी 1984 मध्ये कवालवर शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांना बॅसिलस सबटिलिसच्या जोडीला प्रोपिओनिबॅक्टेरियम हा निराळा जिवाणू प्रमुख असल्याचे दिसले. उकळी नाही, बी नाही, तरी हा जुना ओळखीचा बॅसिलस इथेही हजर.

या मसाल्यांचा लिखित इतिहास प्रवाशांपासून सुरू होतो. स्कॉटिश वैद्य मंगो पार्क अठराव्या शतकाच्या अखेरीस नायजर नदीच्या शोधात या भागातून फिरला. त्याच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याने 1826 मध्ये या वृक्षाच्या प्रजातीला पार्किया हे नाव दिले. ज्या बायका त्या झाडाचे खरे मोल जाणत होत्या त्यांचे नाव कुठल्याच नोंदीत आले नाही. तिकडे युरोपात फर्डिनांड कोन याने 1876 मध्ये गवताच्या काढ्यातल्या बॅसिलस सबटिलिसचे उकळीतही न मरणारे बीजाणू वर्णिले. दावादावाच्या चुलीवर जे रोज घडत होते त्याची शास्त्रीय किल्ली प्रयोगशाळेत तयार होती; पण ती किल्ली या कुलपाला लावून पाहायला पुढे शंभर वर्षे जावी लागली. वसाहतींच्या राज्यकर्त्यांना रस होता तो भुईमूग, कापूस, पामतेल यांत. बाजारात गोणपाटावर मांडलेला वासाचा गोळा त्यांच्या लेखी अभ्यासाचा विषय नव्हता.

ही उपेक्षा आफ्रिकी संशोधकांनीच मोडली. 1981 मध्ये इबादान विद्यापीठातल्या एस. ए. ओडुन्फा यांनी इरूच्या किण्वनातल्या सूक्ष्मजीवांवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यामागून नायजेरियातल्या प्रयोगशाळांतून ओगिरी, उग्बा, ओकपेहे यांवर कामाचा ओघ सुरू झाला. 1983 मध्ये अमेरिकेतल्या कीथ स्टाइनक्राउस यांनी जगभरच्या पारंपरिक आंबवलेल्या पदार्थांचा जाडजूड संदर्भग्रंथ संपादित केला. त्यामुळे हे पदार्थ जपानच्या नात्तोच्या आणि इंडोनेशियाच्या टेंपेच्या रांगेत आले. 1993 मध्ये दिरार यांचा सुदानच्या आंबवलेल्या पदार्थांवरचा ग्रंथ आला. तो मला या क्षेत्रातला सर्वांत मोठा ग्रंथ वाटतो. त्यात जिवाणूंची मोजदाद आहे, तशीच दुष्काळाची स्मृती, भाषा, स्त्रियांचे श्रम आणि लोकांची भूकही आहे. आपल्याच लोकांच्या अन्नाकडे संशोधक आतून पाहतो तेव्हा काय दिसते, याचा तो वस्तुपाठ आहे.

गेल्या चार दशकांत या अभ्यासाचे ढोबळमानाने तीन प्रवाह झाले. पहिला वर्णनाचा : मसाल्याचा नमुना घ्यायचा, जिवाणू वाढवायचे, ओळखायचे, सामू आणि विकरांची नोंद करायची. पायाभरणी यानेच केली. दुसरा प्रवाह विरजणाचा. निवडक बॅसिलस शुद्ध स्वरूपात वाढवून बियांना लावला तर माल दरवेळी सारखा होईल, वेळ वाचेल, धोका टळेल, अशी त्याची भूमिका. बुर्किना फासो आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सुंबालावर मिळून केलेले काम या प्रवाहाचे ठळक उदाहरण. त्यांनी असे काही बॅसिलस दाखवून दिले जे घातक जिवाणूंना रोखतात. तिसरा प्रवाह जनुकांचा. भांड्यात न वाढणारे जिवाणूही आता डीएनएवरून ओळखता येतात आणि एकाच जातीतले वाण वेगळे काढता येतात. बॅसिलस सबटिलिसचा सुमारे 42 लाख अक्षरांचा जनुकीय आराखडा 1997 मध्येच पूर्ण वाचला गेला होता, त्यामुळे तुलनेला भक्कम आधार मिळाला.

या प्रवाहांत खरा मतभेद आहे, आणि वाचकाने तो ध्यानात ठेवून पुढे जावे. एकच शुद्ध विरजण लावले की माल सुरक्षित होतो, पण चव सपाट होण्याचा धोका राहतो. बेनिनचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथे त्याच पार्कियाच्या बियांपासून आफितिन, इरू आणि सोन्रू असे तीन मसाले होतात आणि गिऱ्हाईक तिन्ही वेगळे ओळखते. आफितिनमध्ये वेगळे काही घालत नाहीत. इरू आणि सोन्रूमध्ये मात्र आधी आंबवून ठेवलेली पूड मिसळतात. यातली यान्यांकू नावाची पूड अंबाडीच्या बियांची असते. म्हणजे तिथल्या बायकांनी आपले विरजण आपणच घडवले होते, तेही मिश्र जिवाणूंचे. विरजणाची कल्पना प्रयोगशाळेतून खेड्यात गेली, असे मानणाऱ्यांनी ही पूड एकदा पाहावी.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि या पुस्तकात तो टाळलेला नाही. बॅसिलस सबटिलिस ज्या चाळण्यांतून निसटून जिंकतो त्यांतून त्याचा विषारी नातलग बॅसिलस सेरियसही निसटू शकतो, कारण त्याचेही बीजाणू उकळीला दाद देत नाहीत. त्याच्या काही वाणांनी बनवलेले उलटीकारक विष कालवण उकळूनही नष्ट होत नाही. पार्कियाच्या आंबवलेल्या बियांत हे विष तयार होऊ शकते, हे संशोधनात दिसले आहे. परंपरेचा आदर म्हणजे तिच्यातला धोका झाकणे नव्हे. त्याचबरोबर, स्वच्छ पाणी, झाकायला स्वच्छ पाने आणि वाळवायला धुळीपासून दूर जागा या साध्या सोयी मिळाल्या तर बराच धोका कमी होईल, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे.

हा विषय आजच का महत्त्वाचा? पश्चिम आफ्रिकेच्या शहरांत आता कालवणात कागदात गुंडाळलेल्या मसाल्याच्या वड्या पडतात. त्या स्वस्त आहेत, वास देत नाहीत, लगेच विरघळतात. पण त्यांत प्रामुख्याने मीठ आणि चव वाढवणारे घटक असतात. दावादावात सुमारे एक तृतीयांश प्रथिने आणि भरपूर स्निग्धांश असतो. गरीब घरातल्या मुलाच्या ताटातून दावादावाच्या जागी वडी येते तेव्हा चव तीच वाटली तरी पोषण कमी होते. दुसरीकडे पार्कियाची जुनी झाडे वठत आहेत आणि नवी रोपे पुरेशी उभी राहत नाहीत. दहा-बारा तासांच्या उकळीला लागणारे सरपण महाग झाले आहे. म्हणून नायजेरियात सोयाबीनचा दावादावा रुळला. सोयाबीन लवकर शिजते आणि बाजारात सहज मिळते. बी बदलले, तंत्र टिकले. परंपरा स्वतःला कशी सांभाळते ते इथे दिसते.

आणखी एक प्रश्न मालकीचा आहे. या मसाल्यांतले बॅसिलस प्रथिने फोडणारी विकरे, चिकट बहुवारिके, जिवाणूरोधक पदार्थ तयार करतात आणि या सगळ्याला उद्योगात मागणी आहे. 2010 चा नागोया करार सांगतो की जैविक संपत्तीच्या वापरातून होणारा लाभ तिच्या मूळ देशाशी आणि समाजाशी न्याय्य रीतीने वाटून घेतला पाहिजे. एखाद्या खेड्यातल्या परडीतून वेगळा केलेला वाण कोणाचा? ज्या हातांनी शेकडो वर्षे तोच वाण निवडत आणला, त्यांचा त्यात वाटा कसा मोजायचा? आपल्या देशालाही हे प्रश्न लागू आहेत. सिक्कीम-दार्जिलिंगचे किनेमा, मणिपूरचे हवाइजार, मेघालयाचे तुंगरिंबाई, नागालँडचे आखुनी हे सोयाबीनचे आंबवलेले पदार्थ याच बॅसिलसच्या कुळातले. ईशान्य भारत आणि पश्चिम आफ्रिका यांनी एकमेकांना न विचारता एकच जिवाणू हाताशी धरला. आफ्रिकेतले हे काम वाचताना आपल्याच देशातला एक दुर्लक्षित कोपराही नीट दिसू लागतो.

या पुस्तकाने काय साधू पाहिले आहे ते आता सांगतो. हा पाककृतींचा संग्रह नाही आणि शोधनिबंधांचा गोषवाराही नाही. प्रत्येक मसाल्याकडे ते दोन बाजूंनी पाहते : चुलीपाशी काय केले जाते, आणि त्या कृतीमुळे सूक्ष्मजीवांच्या जगात काय घडते. सूक्ष्मजीवशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही वाट सापडावी म्हणून संज्ञा मराठीत ठेवल्या आहेत आणि त्या जिथे प्रथम येतात तिथेच उलगडल्या आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आकडे आणि यंत्रणा मिळतील. अन्नाच्या अभ्यासकाला समाज आणि बाजार मिळेल. आणि ज्याला फक्त कुतूहल आहे त्याला एका खंडाच्या ताटाशी ओळख होईल.

या सगळ्यातून माझी जी धारणा पक्की झाली ती अशी. उकळणे, टरफल काढणे, उबेला ठेवणे, तारेवरून पारख करणे ही स्वयंपाकघरातली सवय म्हणून पाहिली तर तिच्यात फक्त कष्ट दिसतात. निवडीची साखळी म्हणून पाहिली तर तिच्यात एक सलग, परखलेला, पिढ्यान्‌पिढ्या तपासलेला प्रयोग दिसतो. त्या प्रयोगाच्या वह्या नाहीत. तो हातांत आणि नाकांत साठवलेला आहे. विज्ञानाने त्यात सुधारणा जरूर करावी, पण आधी तो नीट वाचावा, आणि ज्यांनी तो चालवला त्यांना संशोधनात सहकारी म्हणून जागा द्यावी. नव्या विरजणाची चाचणी घेताना चवीचा निकाल त्या बायकांकडून घ्यावा, कराराच्या कागदावर त्यांचे नाव असावे, आणि पार्कियाची रोपे लावण्याच्या योजनेत पहिला शब्द त्यांचा असावा. एवढे पटले तर हा ग्रंथ वाचणाऱ्याच्या हातून पुढचे काम आपोआप सुरू होईल.